‘उठा’ कुणी म्हटलं

माझी थोरली जाऊ माणसांना मारायची. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी कानाशी लागून सांगितलं तर तुम्हाला दचकायला नको. काठीने मारायची. नडगीवर मारायची, पोटरीवर मारायची, हात मध्ये आला तर बोटांवर मारायची. एका गरोदर बाईच्या दंडावर तिने असा फटका ओढला होता की तो वळ बाळंतपणापर्यंत दिसत होता. छावणीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘काठी’ म्हणायचे. “काठी आली” एवढं ऐकलं की ओळीत बसलेल्यांचे पाय आपोआप आत जायचे.

आणि ती नसती तर त्या छावणीतली कितीतरी माणसं पिठाच्या ट्रकपुढे चिरडून मेली असती, हेही मीच सांगते. दुसरं सांगायला उरलंय कोण? ज्यांना तिने जगवलं त्यांनीच आमच्या तंबूवर दगड टाकले. गरज सरो, वैद्य मरो. माणसाची जातच मेली अशी.

लढाई सुरू व्हायच्या आधी जाऊबाई सिनेमाच्या थिएटरात नोकरीला होती, बायकांच्या रांगेवर. तिकिटं फाडायची, अंधारात टॉर्च दाखवून खुर्चीवर बसवायची आणि कुणी मध्ये घुसलं तर वेणीला धरून बाहेर काढायची. दाराशी उभी राहून तिने एकेक सिनेमा इतक्यांदा पाहिलेला की पडद्यावरच्या नटीच्या आधी हिचे ओठ हलायचे. घरी भांडी घासताना मला सगळं करून दाखवायची. त्यातली एक नटी तिची फार लाडकी. मोठे डोळे, हळू बोलणं, आणि रडायला आलं की नाकाचा शेंडा लाल. जाऊबाई म्हणायची, “धाकटे, ही बाई खरं रडते गं. बाकीच्या नुसतं डोळ्यांत औषध घालतात.”

एकदा त्या थिएटरात एक मोठा नट आपल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला स्वतः आला. बाहेर रांग उभी होती. तो गाडीतून उतरला, त्याने हात हलवला, बस. मागच्यांनी पुढच्यांना दाबलं, पुढचे काचेच्या दारावर गेले आणि दार फुटलं. एका कॉलेजच्या मुलीचा गळा चिरला. ती जाऊबाईच्या मांडीवरच गेली. जाऊबाई घरी आली तेव्हा कोपरापर्यंत रक्त वाळलेलं होतं. नळाखाली हात धुतले, पानावर बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “उभ्या माणसाला मागचा ढकलतो. बसलेल्याला कोण ढकलणार? मालकाला म्हटलं, रांग खाली बसवत जा. हसला मेला.” त्यानंतर ती बायकांची रांग फुटपाथवर बसवायला लागली. बायका शिव्या द्यायच्या, पण बसायच्या.

मग लढाई आमच्या गल्लीत आली. दोघे भाऊ, तिचा नवरा आणि माझा, एकाच भिंतीला उभे करून मारले. थिएटर जळालं, घर जळालं. तीन बायका, म्हणजे सासूबाई, जाऊबाई आणि मी, आणि माझ्या कडेवरची पोर, अशा आम्ही चालत निघालो आणि या छावणीत येऊन पडलो. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं.

छावणी म्हणजे बंद पडलेला काचेचा कारखाना. भट्ट्यांच्या शेडमध्ये तंबू आणि समोर मोठं आवार. त्या आवारात कितीही झाडा, जमिनीतून काचा वर यायच्याच. हिरव्या, तपकिरी, बारीक. मुलांच्या तळपायात, बायकांच्या तळहातात. आम्ही संध्याकाळी बसून एकमेकींच्या काचा काढायचो, तेवढीच काय ती करमणूक.

पहिला ट्रक आला तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. संस्थेची कोवळी मुलं होती. त्यांनी मागचं फळकूट उघडलं आणि हसत म्हणाली, या, या, सगळ्यांनी या. अरे बाबांनो, उपाशी माणसाला असं म्हणतात का? लोक असे धावले की पहिली ओळ चाकाशी गेली. एकाने दुसऱ्याचा कान दाताने तोडला. कुणी तरी सुरा काढला, पोतं फाडण्यासाठी काढला की माणूस फाडण्यासाठी ते त्यालाच ठाऊक, पण फाटली दोन्ही. पीठ लाल झालं. आणि लोकांनी ते लाल पीठसुद्धा ओंजळीने भरून नेलं. मीही नेलं. खोटं कशाला सांगू, पोर उपाशी होती.

तेव्हा जाऊबाईने तंबूचा बांबू उपटला. ट्रकवर चढून पोत्यांवर उभा राहिलेला एक दांडगा गडी होता, त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. तो पडला, मग दुसरा पडला. तिसऱ्याच्या तोंडावर बसला तेव्हा दात उडाले. आणि ती थिएटरच्या आवाजात ओरडली, “बसा. बसेल त्यालाच मिळेल.” जे बसले त्यांना तिने पोती दिली. जे उभे होते त्यांना काठी दिली. थोड्या वेळात सगळं आवार खाली बसलं होतं, रक्ताळलेलं, धापा टाकत.

तिथून ती पद्धत पडली. ट्रक यायच्या आधी सगळ्यांनी ओळीने बसायचं, म्हातारी पुढे, धडधाकट मागे. जाऊबाई एका ओळीपाशी जाऊन काठी टेकणार आणि म्हणणार, “उठा.” तेवढीच ओळ उठणार, पीठ-डाळ-तेल घेऊन बाजूने जाणार. मग पुढची. ‘उठा’ म्हणजे तुझी पाळी आली, तुला मिळालं. आमच्या छावणीत त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. लोक एकमेकांना विचारायचे, “झालं का तुमचं उठा?” शेवटच्या ओळींचं ‘उठा’ कधीकधी व्हायचंच नाही, ट्रक आधीच रिकामा व्हायचा. ती माणसं त्या शब्दाकडे कान लावून बसायची.

सासूबाईंचा किस्सा इथेच सांगते. म्हातारीचा गुडघा धरायचा. एकदा ती शब्दाच्या आधीच जरा उठून पाय मोकळा करायला लागली. जाऊबाईने मागचा पुढचा विचार न करता नडगीवर दिली. सगळ्या आवारासमोर. त्या दिवशी जेवताना म्हातारीने सात पिढ्यांचा उद्धार केला. “जगातल्या सुनांचं स्वप्न हिने पुरं केलं गं बाई,” असं म्हणून शेजारणी हसून हसून लोळल्या. जाऊबाईने ताटली पुसून खाल्ली. शेवटी म्हणाली, “सासूबाई, तुम्हाला सोडलं तर उद्या कुणाला बसवू?” म्हातारीने त्यावर मनात डूख धरला. म्हणाली, “बरं. आजपासून तू ‘उठा’ म्हटल्याशिवाय मी हलणार नाही. राजा आला तरी नाही.” आणि खरंच, त्यानंतर ती ओळीत अशी ठाम मांडी घालून बसायची की आम्हालाच हसू यायचं.

मग ट्रक कमी व्हायला लागले. संस्थेचा जो साहेब होता, कायम टोपी घालणारा, त्याला आम्ही टोपीवालाच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त सारखा घाईत असायचा. त्याने एक दिवस सगळ्यांना सांगितलं, “मॅडम येणार आहेत. त्या आल्या की जग आपल्याकडे बघतं. दुसऱ्या एका छावणीत गेल्या होत्या, तिथे आता पाण्याचे नळ आहेत.” आणि त्याने फोनवर फोटो दाखवला. जाऊबाईने तो फोन हातात घेतला आणि सोडेना. तीच. मोठे डोळे, हळू बोलणारी. तिची नटी.

त्या आठवड्यात जाऊबाई बदललीच. केस धुतले, कपडे वाळूने घासले, पोरीला त्या सिनेमातलं काहीबाही करून दाखवलं. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. नटी येणार त्या सकाळी टोपीवाला म्हणाला, “काठी मात्र आज नको हं. फोटोत वाईट दिसते.” तिने काही वाद न घालता काठी उभ्या ट्रकपासून दूर, आवाराच्या कडेला ठेवली. त्याने तिच्या हातात लाउडस्पीकरचा माइक दिला, म्हणाला यावर बोला, घसा कशाला कोरडा करता. तिने माइकवर म्हटलं, “बसा.” तिचा आवाज भट्टीच्या भिंतीवर आपटून परत आला आणि सगळं आवार बसलं. मागच्या ओळींपर्यंत तिचा आवाज इतका मोठा कधी गेला नव्हता. एक बाई मोठ्या आवाजात बोलतेय, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं. हे लक्षात ठेवा, याच्यावरच पुढे सगळं फिरलं.

नटी आली. साधे कपडे, पायात सपाट चपला. मागे कॅमेरे. मी सासूबाईंच्या शेजारी पहिल्याच ओळीत होते, पोर मांडीवर. टोपीवाल्याने जाऊबाईच्या हातातला माइक घेऊन नटीला दिला आणि जाऊबाईला कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून लांब कडेला पाठवलं. नटी ओळीपुढून चालत आली आणि सासूबाईंपाशी थांबली. म्हातारीने तळहात जमिनीला टेकला होता आणि त्यात काच गेली होती, जराशी. रक्ताचा ओघळ होता. आम्हाला त्याचं काय? रोजचंच. पण नटी खाली वाकली, तिने तो हात हातात घेतला, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. खरं रडत होती. जाऊबाई खोटं बोलली नव्हती.

“आजी,” ती म्हणाली, “तुम्ही या वयात अशा जमिनीवर? काचांत? उठा. उठा बरं.” माइक तिच्या दुसऱ्या हातात, तोंडाशी. मग ती सरळ झाली, सगळ्या आवाराकडे बघून म्हणाली, “माझ्यासमोर कुणी असं मातीत बसायचं नाही. आपण सगळे सारखे आहोत. उठा. सगळे उठा.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण तिला काय ठाऊक? कुणीही भला माणूस म्हणेल तेच ती म्हणाली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून आवाज आला, आभाळ गडगडावं तसा. शेवटच्या ओळी उठल्या होत्या. ज्यांचं ‘उठा’ कधीच होत नव्हतं, त्यांचं झालं होतं. लाउडस्पीकरवर, बाईच्या आवाजात. ते धावले. मधल्यांना वाटलं आपलं राहील, तेही धावले. माझ्या पाठीत कुणाचा तरी गुडघा बसला आणि मी पोरीला छातीशी घट्ट धरून पालथी पडले. माझ्या कानाशी सासूबाई ओरडत होत्या, “थोरली कुठंय? थोरलीला म्हणू दे.” मी म्हटलं, उठा हो, उठा. हात ओढला. हात माझ्या हातातून निसटला.

लोंढ्याने मला पोरीसकट ट्रकखाली ढकललं. तिथून, चाकांमधून, मी जे पाहिलं ते सांगते. पाय दिसत होते. पायांखाली माणसं. एका बाईचं डोकं जमिनीवर आपटत होतं, प्रत्येक पायागणिक. एक माणूस काचांवर घासत पुढे आला, त्याच्या गालाची कातडी लोंबत होती. पोती फुटली. जो पडला तो पिठाने पांढरा झाला, मग लाल. लोक पोत्यांसाठी एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालत होते, आणि त्या सगळ्यावर लाउडस्पीकर पडल्या जागी शिट्टी वाजवत होता.

आणि जाऊबाई. तिने काठी घेतली होती. “बसा, बसा” असं ओरडत ती कडेकडून आत घुसत होती आणि मारत होती. नडगीवर नाही आता. नाकावर, कानशिलावर, जबड्यावर. माणसं कापल्यासारखी पडत होती आणि ती त्यांच्यावरून पुढे येत होती. तिला पहिल्या ओळीकडे यायचं होतं, हे मला कळत होतं. वाटेत नटी होती. ट्रकच्या फळकुटाला चेपली गेलेली, तोंड पांढरंफटक, बरगड्या आत जात होत्या, श्वास नव्हता. जाऊबाईने तिच्या गुडघ्यांच्या मागे काठी हाणली. नटी धपकन बसली. जाऊबाईने तिला लाथेने ट्रकखाली ढकललं, माझ्या शेजारी. नटीने माझा हात असा धरला की नखं रुतली. तिच्या अंगाला अत्तराचा वास येत होता आणि ती “आई, आई” म्हणत होती.

मग जाऊबाई म्हातारीकडे वळली. तोवर म्हातारी उरली नव्हती.

सगळं निवल्यावर आम्ही तिला पिठातून काढलं. तिची मांडी तशीच घातलेली होती. उठलीच नव्हती ती. राजा आला तरी नाही म्हणाली होती ना. जाऊबाईने तिच्या तोंडावरचं पीठ पुसलं आणि तिथेच बसून राहिली. पोलीस आले तेव्हाही बसलेलीच होती. पोलिसाने काठी ओढली, तर तिच्या मुठीतून सुटेना. त्याने तिच्याच मनगटावर बुटाची टाच दिली, तेव्हा सुटली, आणि तिला चौकीत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून तो व्हिडिओ फिरायला लागला. छावणीत ज्यांच्याकडे फोन होते त्या सगळ्यांनी पाहिला. त्यात एक धट्टीकट्टी बाई उपाशी लोकांना काठीने झोडपतेय आणि मग साक्षात नटीच्या पायांवर काठी घालतेय. आवाज नव्हता, त्याच्यावर दुःखाचं संगीत लावलं होतं. ‘उठा’ कुठेच नव्हतं. नटी दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाली, मला माझ्या लागण्याचं काही नाही, पण भुकेल्यांवर हात उचलणाऱ्यांना माणसांत जागा नको. सगळं जग हळहळलं. आणि ट्रक आले. एकामागून एक, आधी कधी आले नव्हते एवढे. पीठ, दूध पावडर, औषधं, चपला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर गावजेवण.

पोलीस एकच विचारत होते. ‘उठा’ कुणी म्हटलं? मारामारीचं कलम वेगळं, पण मेलेल्यांचा जाब त्या एका शब्दावर होता. मागच्या ओळींतल्या लोकांनी शपथेवर सांगितलं, बाईचा आवाज होता, लाउडस्पीकरवर होता, काठीचाच होता. ते खोटं बोलत नव्हते. सकाळी त्यांनी त्याच भोंग्यावर तिचंच ‘बसा’ ऐकलं होतं. आणि ज्यांची माणसं मेली होती त्यांनी आमच्या तंबूवर दगड टाकले. एक दगड पोरीच्या कपाळाला लागला. मी बाहेर आले आणि जो दगड हाती लागला तो परत फेकला. एका ओळखीच्या माणसाला लागला. त्याची बायको गेली होती. तो कपाळ धरून खाली बसला, आणि मी आत जाऊन कडी नसलेला तंबू दोरीने बांधून घेतला.

मी टोपीवाल्याकडे गेले. त्याची खोली म्हणजे पत्र्याचा डबा, आत पंखा. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही तिथेच होता. कुणी म्हटलं ते तुम्ही ऐकलंत.” त्याने टोपी काढली. टोपीखाली टक्कल होतं, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

“ऐकलं,” तो म्हणाला. “मॅडम इथे परत येतायत. त्या तक्रार मागे घेतील. तुमच्या जाऊबाईंनी मारल्याची माफी मागायची, कॅमेऱ्यासमोर. त्या शब्दावर कुणी काही बोलायचं नाही. ते आपोआप थंड होईल.”

“आणि नाही झालं तर? तुरुंगात ती जाईल की तुमच्या मॅडम?”

“बाई, लोक त्यांच्या नावावर देतात. ते नाव गेलं तर ट्रक गेले. तुमच्या आमच्या नावावर कोण देणार?”

मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिथून उठून थेट चौकीत गेले. जाऊबाईचा ओठ फाटलेला होता. मी म्हटलं, “जाऊबाई, ती बया येतेय. तोंडावर सांगा. ‘उठा’ तुम्हीच म्हणालात, असं तिला सांगा. पहिल्या ओळीतला चांभारबाबा साक्ष द्यायला तयार आहे, मी आहे. गप्प राहिलात तर जन्म आत जाईल.” तिने फाटका ओठ हाताने टिपला. मग म्हणाली, “सांगेन.” तिने माझ्या पोरीचं कपाळ कसं आहे विचारलं, आणि ट्रक रोज येतात का, तेही विचारलं. मी म्हटलं, येतात. मला तेव्हा अक्कल असती तर मी नाही म्हटलं असतं.

नटी आली ती कुबडी घेऊन. या खेपेला आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ट्रकही होते, पाठीमागे दिसतील असे ओळीने उभे केलेले. जाऊबाईला पोलिसांनी आणलं. ती खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली. मग नटीही कुबडी टाकून कण्हत तिच्यासमोर जमिनीवर बसली. कॅमेरेवाले खूश झाले. जाऊबाई माफी मागणार म्हणून सगळे वाट बघत होते. पण नटीच आधी बोलली.

“मला त्या दिवशीचं नीट आठवत नाही,” ती हळू म्हणाली. “रोज तेच मनात येतं. तुम्ही मला मारलंत तेव्हाच मी वाचले, असं आता मला वाटतं. पण लोक अचानक का धावले? पोलीस म्हणतात, कुणी तरी ‘उठा’ म्हटलं. कुणी म्हटलं?”

टोपीवाला पुढे आला, तिने त्याला हाताने थांबवलं. नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिला मनातून ठाऊकही होतं. तेही दिसत होतं तिच्या डोळ्यांत, भीती. मी मागून म्हटलं, “सांगा, जाऊबाई.” चांभारबाबा उठून उभा राहिला.

जाऊबाईने नटीकडे पाहिलं. मग मागच्या ट्रककडे पाहिलं. मग आमच्या लोकांकडे, चपला घातलेल्या पोरांकडे, शेवटच्या ओळीत बसणाऱ्या त्या माणसांकडे, ज्यांना आता रोज पोतं मिळत होतं.

“मी,” ती म्हणाली. “मीच म्हटलं.”

मी ओरडले, खोटं आहे हे. पोलिसाने माझ्या तोंडावर मारलं आणि मी खुर्च्यांत पडले. पडता पडता मी नटीचं तोंड पाहिलं. तिचे खांदे सैल पडले. सुटली होती बाई. तिने जाऊबाईला मिठी मारली आणि तिच्या गळ्यात पडून रडली, खरं रडली. जाऊबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मुलीच्या फिरवतात तसा. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल.

आता ती तुरुंगात आहे. ट्रक येतात. आवारात नळही आलेत, खोटं कशाला बोलू, पाणी गोड आहे. रांग अजून बसते, पण ‘उठा’ कुणी म्हणत नाही, ओळीतल्या पहिल्या माणसाच्या खांद्याला हात लावतात. मीसुद्धा सकाळी पोरीला ऊठ म्हणत नाही. हलवते.

मी जाऊबाईला भेटायला गेले ती भांडायच्याच तयारीने. मधे जाळी, दोन्हीकडे बाकडी. मी म्हटलं, “काय मिळवलंत? पीठ? त्या लोकांनी आपल्या पोरीचं डोकं फोडलं. आणि त्या बाईसाठी तुम्ही खोटं बोललात, एका सिनेमातल्या बाईसाठी.”

ती म्हणाली, “तिच्यासाठी नाही गं. आणि खोटं तरी कुठे? मी म्हणायलाच हवं होतं.” बोटांनी ती जाळी खरवडत होती. “सगळं आवार उठलं होतं, धाकटे. तेव्हा बसून राहणारा मरणारच होता. आणि मी येडी ‘बसा, बसा’ ओरडत होते. म्हातारी माझ्याच शब्दाची वाट बघत बसली होती. मी एकदा ‘उठा’ म्हटलं असतं तर ती उठली असती.”

मी जाळीतून तिची दोन बोटं धरली. पहारेकरी तिच्या मागे येऊन म्हणाला, वेळ झाली, उठा. ती उठली नाही. तो परत म्हणाला, तरी नाही. मग त्याने पट्ट्यातली काठी काढून तिच्या नडगीवर मारली, आणि ती मांडी घालून तशीच बसून राहिली.